फाइल तुमच्याकडे, मालक दुसराच!

समजा, लॅबमधले सीनियर थीसिस सबमिट करून गेले आणि त्यांच्या डेटाची डिस्क तुमच्याकडे आली. लॅबच्या उबंटू मशीनला ती जोडून स्क्रिप्ट चालवली, तर उत्तर येतं 'परमिशन डिनाइड'. अशा वेळी बरेच जण सरळ 'सीएच-मॉड 777' मारतात. काम होतं खरं, पण मग त्या मशीनवर लॉगिन असलेला कुणीही तो डेटा बदलू शकतो, उडवूही शकतो.

खरा प्रश्न मालकीचा आहे. लिनक्स फाइलसोबत मालकाचं नाव साठवत नाही, फक्त नंबर साठवतं. त्याला यूआयडी म्हणतात. उबंटूवर पहिल्या यूजरला साधारण 1000 मिळतो, पुढच्याला 1001. सीनियरच्या मशीनवर 1001 म्हणजे ते स्वतः. तुमच्या मशीनवर 1001 तिसराच कुणीतरी असू शकतो, आणि मग 'एलएस -एल' त्याचंच नाव दाखवणार! म्हणून आधी 'एलएस -एलएन' देऊन नंबर बघा आणि 'आयडी' देऊन स्वतःचा.

आता मालक बदलायचा. कमांड 'सीएच-ओन', म्हणजे चेंज ओनर (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन):

सुडो सीएच-ओन -आर --फ्रॉम=1001 यूजर:ग्रुप फोल्डर

यातला आर कॅपिटल. त्यामुळे आतल्या सगळ्या फाइल्सना बदल लागू होतो. '--फ्रॉम' दिलं की ज्यांचा मालक 1001 आहे तेवढ्याच बदलतात, बाकीच्यांना हात लागत नाही. मालक बदलायला रूटचा अधिकार लागतो. सुडो नसेल तर अ‍ॅडमिनला सांगा. आणि एंटर दाबण्याआधी फोल्डरचा पाथ दोनदा वाचा. चुकून नुसता '/' गेला तर अख्खी सिस्टीम बिघडू शकते.

'त्यापेक्षा फाइल्स कॉपी केल्या तर?' वाचायची परवानगी असेल तर कॉपी होते आणि मालक तुम्हीच होता. पण साध्या 'सीपी'ने तारखा आजच्या पडतात. कोणतं रीडिंग कधीचं, हा पुरावाच गेला. सीएच-ओनने मजकूरही तोच राहतो आणि शेवटच्या बदलाची तारीखही.

शेवटी एक सवय लावून घ्या. स्वतःच्या फाइल्सचा ग्रुप तुम्हाला सुडोशिवाय बदलता येतो. फक्त त्या ग्रुपमध्ये तुम्ही असायला हवं. लॅब सोडण्याआधी 'सीएच-ग्रुप'ने तुमचा डेटा लॅबच्या ग्रुपला द्या, ग्रुपला वाचायची परवानगी द्या. तुमच्यानंतर येणाऱ्याला मग 777 आठवणारच नाही.