सातारा-सांगली भागातील स्थलनामे आणि लोकस्मृती

स्थलनामाविषयीची दंतकथा इतिहासाचा पुरावा म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. परंतु गतकाळातील संघर्ष लोकांनी कोणत्या रूपाने स्मरणात ठेवला, हे तीवरून कळते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील काही नावे ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

‘सातारा’ हे नाव किल्ल्याच्या सतरा बुरुजांवरून पडले, असे सांगतात. कोणी बुरुजांऐवजी तट वा दरवाजे मोजतात, तर कोणी सभोवतीच्या सात डोंगरांचा आधार घेतात. मोजावयाची वस्तू बदलते, नाव मात्र तेच राहते. अर्थात नाव आधीचे व कथा मागाहून जुळविलेली असावी. ह्यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात.

बादशाही नामांतराचा प्रकार निराळा. इ. स. १७०० च्या एप्रिलात, दीर्घ वेढ्यानंतर, हा किल्ला औरंगजेबाच्या हाती आला आणि शाहजादा आझम ह्याच्या नावावरून ‘आझमतारा’ झाला. त्याच वर्षी जिंकलेल्या परळीच्या किल्ल्यास ‘नवरसतारा’ हे नाव मिळाले. मोगली अंमल सरताच दोन्ही नावे मागे पडली. ‘अजिंक्यतारा’ हे नाव ताराबाईंच्या काळचे, असे परंपरा मानते; परळीचा किल्ला समर्थ रामदासांच्या वास्तव्यामुळे ‘सज्जनगड’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिला. जेत्याने व जितांनी दिलेल्या नावांतही ‘तारा’ हे पद समान आहे, हे लक्षणीय होय.

मात्र नावावरून समाजजीवनाचे अनुमान काढताना सावधगिरी हवी. सांगली जिल्ह्यातील उरुण-इस्लामपूर येथे संभूआप्पा व त्यांचे मुसलमान गुरू बुवाफन ह्यांचा उरूस हिंदू-मुसलमान एकत्र साजरा करतात. २०२५ साली राज्य शासनाने ह्या गावास ‘ईश्वरपूर’ हे नाव देण्याचा निर्णय जाहीर केला. गुरुशिष्यांची ही स्मृती जुन्या नावातही नव्हती आणि नव्यातही नाही. ती उरुसाने जपली आहे.

आयर्लंडात कॅथलिक उपासनेवर निर्बंध असताना ज्या खडकांपाशी गुप्तपणे मिस्सा होई, ते आजही त्याच नावाने ओळखले जातात. १९३७ ते १९३९ ह्या काळात तेथील शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून अशा कथा लिहून घेतल्या. आपल्याकडेही प्रत्येक पाठ सांगणाऱ्याच्या गावासह व तारखेसह स्वतंत्र नोंदवावा आणि कागदपत्रांतील वृत्तांतापासून वेगळा ठेवावा. म्हणजे घडले काय व आठवले काय, ह्यांतील अंतर स्पष्ट होईल.