ऋतुनिहाय घड्याळबदल : उपयुक्तता आणि पुनर्विचार

सारांश : उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे नेण्याची पद्धत इंधनबचतीच्या हेतूने रूढ झाली. हा हेतू आज जवळजवळ संपुष्टात आला आहे. तरीही ती पद्धत टिकून आहे, कारण ती रद्द केल्यानंतर कोणती वेळ स्थायी करावी, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर सापडलेले नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा स्वतंत्रपणे विचार केला आहे.

बीजशब्द : उन्हाळी वेळ, प्रमाणवेळ, अक्षांश, ऊर्जाबचत, जैविक घड्याळ.

१. प्रस्तावना

युरोपीय संघातील देशांत आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे नेली जातात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती पुन्हा मागे आणली जातात. अमेरिकेत हाच बदल मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार या दिवशी होतो. भारतात ही पद्धत नाही. तथापि लंडनमधील मुलाशी दूरध्वनीवर बोलणाऱ्या मराठी आईवडिलांना तिची जाणीव वर्षातून दोनदा होते. हिवाळ्यात साडेपाच तासांचे असलेले अंतर उन्हाळ्यात साडेचार तासांचे होते. पुण्यातून परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या संगणक अभियंत्यांच्या पाळ्याही त्यानुसार सरकतात. एवढा खटाटोप ज्या लाभासाठी करावयाचा, तो लाभ आज शिल्लक आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे.

२. पद्धतीचा उगम

न्यूझीलंडमधील कीटक-अभ्यासक जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे नेण्याची कल्पना मांडली. इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये एक पुस्तिका काढून अशाच सुधारणेचा पुरस्कार केला. पहाटेचा प्रकाश लोकांच्या झोपेत वाया जातो आणि संध्याकाळी मात्र दिवे लावावे लागतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. विलेट यांचे १९१५ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धात इंधनटंचाईला तोंड देणाऱ्या जर्मनीने ही पद्धत स्वीकारली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तिचे अनुकरण केले. शांततेच्या काळात जी कल्पना मान्य झाली नव्हती, ती युद्धाने मान्य करविली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ दरम्यान, भारतातही घड्याळे एक तास पुढे ठेवण्यात आली होती.

३. ऊर्जाबचतीचा दावा

त्या काळी घरगुती ऊर्जेचा मोठा भाग दिव्यांवर खर्च होत असे. आता दिवे अत्यल्प विजेवर चालतात. उलट घर थंड वा उबदार ठेवण्यास लागणारी ऊर्जा वाढली आहे, आणि घड्याळ बदलले तरी तापमान बदलत नाही. अमेरिकेने २००७ पासून उन्हाळी वेळेचा कालावधी वाढविला. त्यानंतर तेथील ऊर्जा विभागाने २००८ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार या वाढीव दिवसांत दररोज सुमारे ०.५ टक्का, म्हणजेच वार्षिक वीजवापराच्या केवळ ०.०३ टक्का एवढी बचत झाली. इंडियाना राज्यात २००६ मध्ये ही पद्धत सर्वत्र लागू झाली. तेथील अभ्यासात घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे आढळले, कारण दिव्यांवरील बचतीपेक्षा वातानुकूलन व उष्णता यांवरील खर्च अधिक झाला. यावरून ऊर्जाबचत हा या पद्धतीचा आधार आता राहिलेला नाही, असे म्हणता येते.

४. आरोग्य व सुरक्षितता

मानवी शरीरातील जैविक घड्याळ मुख्यतः प्रकाशावर चालते. सकाळचा प्रकाश ते पुढे आणतो, तर रात्रीचा प्रकाश त्यास विलंब लावतो. वसंत ऋतूतील बदलाने एक तास झोप कमी होते आणि सकाळचा प्रकाशही उशिरा मिळतो. स्वीडनमधील नोंदींवर आधारित २००८ च्या अभ्यासात या बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांत सुमारे पाच टक्के वाढ दिसून आली. अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात त्याच आठवड्यात प्राणघातक रस्ते-अपघात सहा टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. ही वाढ अल्पकालीन आहे हे खरे. परंतु जी हानी टाळता येण्याजोगी आहे, ती सहन करण्यास तेवढेच सबळ कारण असावयास हवे.

५. अक्षांशाचा प्रश्न

असे कारण असल्यास ते अक्षांशांत शोधावे लागेल. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा असतो. या दोहोंतील फरक जेमतेम सव्वादोन तासांचा आहे. लंडनमध्ये हेच दिवस अनुक्रमे साडेसोळा व आठ तासांच्या आसपास असतात. लंडनने वर्षभर प्रमाणवेळ पाळल्यास जूनमध्ये सूर्योदय पावणेचारच्या सुमारास होईल. वर्षभर उन्हाळी वेळ पाळल्यास डिसेंबरमध्ये तो नऊ वाजून गेल्यावर होईल. घड्याळबदल हा या दोन गैरसोयींमधील तडजोडीचा मार्ग होय, आणि त्याच्या समर्थकांचा हा मुद्दा दुर्लक्षणीय नाही. मात्र विषुववृत्ताकडे येऊ लागताच त्यातील बळ ओसरते. ब्राझीलने २०१९ मध्ये व मेक्सिकोने २०२२ मध्ये (अमेरिकेच्या सीमेलगतचा भाग वगळता) ही पद्धत सोडली, ते या दृष्टीने समजण्याजोगे आहे.

६. स्थायी उन्हाळी वेळेचे प्रयोग

बदल नको म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना संध्याकाळचा प्रकाश प्रिय असतो. त्यामुळे ते स्थायी उन्हाळी वेळेचा आग्रह धरतात. हा प्रयोग पूर्वी झालेला आहे. ब्रिटनने १९६८ ते १९७१ या काळात घड्याळे वर्षभर पुढे ठेवली. संध्याकाळचे अपघात घटले, परंतु अंधाऱ्या सकाळींविषयी, विशेषतः स्कॉटलंडमध्ये, तीव्र नाराजी निर्माण झाली आणि संसदेने मोठ्या बहुमताने प्रयोग थांबविला. तेलटंचाईमुळे अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये हाच मार्ग पत्करला. मुले अंधारात शाळेस जाऊ लागल्यावर जनमत उलटले आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यापूर्वी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. रशियाने २०११ मध्ये स्थायी उन्हाळी वेळ स्वीकारली, तेव्हा मॉस्कोत डिसेंबरमधील सूर्योदय दहाच्या सुमारास होऊ लागला. २०१४ मध्ये घड्याळे एक तास मागे घेऊन ती तेथेच स्थिर करण्यात आली.

७. निर्णय का रखडतो?

युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये जनमत मागविले. आलेल्या ४६ लाख प्रतिसादांपैकी ८४ टक्के प्रतिसाद बदल रद्द करण्याच्या बाजूचे होते. मात्र सुमारे दोनतृतीयांश प्रतिसाद एकट्या जर्मनीतून आल्यामुळे त्यांस संपूर्ण युरोपचा कौल म्हणता येत नाही. युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये ४१० विरुद्ध १९२ मतांनी २०२१ पासून बदल थांबविण्याचा प्रस्ताव संमत केला, परंतु मंत्रिपरिषदेत सहमती न झाल्याने ती मुदत उलटून गेली. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये स्थायी उन्हाळी वेळेचे विधेयक संमत केले, पण प्रतिनिधिगृहाने ते पुढे नेले नाही. दोन्हीकडे अडथळा एकच आहे. बदल नको, यावर व्यापक सहमती आढळते. त्यानंतर काय, यावर मात्र ती नाही.

८. निष्कर्ष

घड्याळ पुढे सरकविल्याने प्रकाशात भर पडत नाही, केवळ त्याची वाटणी बदलते. त्यामुळे हा प्रश्न तंत्राचा कमी आणि न्यायाचा अधिक आहे. संध्याकाळच्या प्रकाशाचा लाभ करमणूक व व्यापार यांस होतो. त्याची किंमत मात्र सकाळी लवकर घराबाहेर पडणारे विद्यार्थी व श्रमिक मोजतात. उपलब्ध पुरावा पाहता मध्यम व कमी अक्षांशांच्या देशांत ही पद्धत टिकविण्याचे कारण उरलेले नाही. उत्तरेकडील देशांत ती तडजोड म्हणून काही काळ समर्थनीय ठरेल. परंतु ती सोडावयाची झाल्यास तेथे प्रमाणवेळेवर स्थिरावणेच श्रेयस्कर होय. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०२० मध्ये याच पर्यायाची शिफारस केली आहे. ज्यांना संध्याकाळ मोठी हवी, त्यांच्यासाठी शाळा व कार्यालयांच्या वेळा ऋतुमानानुसार बदलता येतील. शाळा सकाळची करण्यासाठी सर्व राष्ट्राची घड्याळे फिरवावी लागत नाहीत, हे महाराष्ट्रातील उन्हाळी शाळांच्या अनुभवावरून आपणांस ठाऊकच आहे.