विश्लेषण : माजरीत बसून अमेरिकेचा इतिहास शिकता येईल, पण तो पदवीत धरला जाईल का?

भद्रावती तालुक्यातील माजरी हे कोळसा खाणींचे गाव. नागपूर-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे जंक्शन, येथूनच वणीकडे फाटा जातो. पदवीसाठी येथील विद्यार्थ्यांना भद्रावती, वरोरा, वणी किंवा चंद्रपूर गाठावे लागते. तेथेही ज्या विषयाचे शिक्षक आहेत, तोच विषय घेता येतो. अमेरिकेच्या आरंभीच्या इतिहासासारखा विषय कॉलेजच्या पातळीवर शिकायचा, तर आता मोबाइलचा मार्ग खुला आहे, आणि ऐकण्या-वाचण्यापुरता तो मोफतही आहे. मात्र शिकलेला कोर्स आणि पदवीच्या गुणपत्रिकेत धरला जाणारा कोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक प्रवेश घेण्याआधी समजून घेतला नाही, तर अख्ख्या सत्राची मेहनत श्रेयांकांविना जाऊ शकते.

या कोर्समध्ये शिकवतात काय?

अमेरिकेतील महाविद्यालये देशाचा इतिहास सहसा दोन भागांत शिकवतात. पहिला भाग युरोपीय वसाहतींपासून यादवी युद्धापर्यंत, म्हणजे १८६५ किंवा १८७७पर्यंत जातो. १६०७मध्ये जेम्सटाउन येथे इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत, १६१९मध्ये व्हर्जिनियात आणलेले आफ्रिकी लोक, १७६५चा स्टॅम्प कायदा, १७७६ची स्वातंत्र्याची घोषणा, १७८७मध्ये तयार झालेली राज्यघटना आणि गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेले १८६१ ते १८६५चे यादवी युद्ध हे त्यातील मुख्य टप्पे. सनावळी पाठ करण्यावर भर नसतो. पत्रे, कायद्यांचे मसुदे, वर्तमानपत्रे अशी मूळ साधने वाचून त्यावर निबंध लिहावा लागतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग काय?

पहिला उपयोग परीक्षेचा. यूपीएससी मुख्य परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय घेतल्यास अमेरिकन राज्यक्रांती, तेथील राज्यघटना आणि यादवी युद्ध हे घटक अभ्यासक्रमात आहेत. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरमध्येही अठराव्या शतकापासूनचा जागतिक इतिहास येतो.

दुसरा उपयोग आपला इतिहास नव्याने समजण्याचा. बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ रोजी समुद्रात फेकलेल्या चहाच्या ३४२ पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या. आर्थिक अडचणीत सापडलेल्या कंपनीला सावरण्यासाठी ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी चहाचा कायदा केला आणि त्याच वर्षी कंपनीच्या भारतातील कारभारावर अंकुश ठेवणारा रेग्युलेटिंग कायदाही केला. म्हणजे बोस्टन आणि कोलकात्याची गोष्ट एकाच कंपनीची आहे.

मराठ्यांचा संबंध तर आणखी जवळचा. पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२ चालले. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ते १७८३. वडगावला १७७९मध्ये इंग्रजांची नाचक्की झाली आणि १७८२मध्ये सालबाईचा तह झाला, तेव्हा ब्रिटन अमेरिकेतही लढत होता. यॉर्कटाउनला १७८१मध्ये ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली, तो लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६मध्ये बंगालचा गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आला.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे अर्थशास्त्राबरोबर त्यांनी इतिहासाचेही अनेक कोर्स केले.

जंगलपट्ट्यातल्या वाचकाला भिडणारा धागा जमिनीचा आहे. ब्रिटनच्या राजाने १७६३मध्ये जाहीरनामा काढून अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये, असे बजावले. तो भाग मूलनिवासी जमातींसाठी राखीव ठेवला होता. वसाहतवाल्यांच्या रोषाचे ते एक कारण ठरले आणि स्वातंत्र्यानंतर पश्चिमेकडील जमिनी झपाट्याने बळकावल्या गेल्या. जंगलावर हक्क कोणाचा, हा प्रश्न गडचिरोलीला नवा नाही. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी वेगळे प्रश्न विचारू लागतो.

मोफत कोर्स कुठे मिळतो?

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे येल विद्यापीठाचे ‘ओपन येल कोर्सेस’ हे संकेतस्थळ. प्रा. जोआन फ्रीमन यांचा अमेरिकन राज्यक्रांतीवरील २५ व्याख्यानांचा कोर्स तेथे आहे. वर्गात प्रत्यक्ष शिकवताना २०१०मध्ये त्याचे चित्रीकरण झाले. प्रा. डेव्हिड ब्लाइट यांचा यादवी युद्धावरील कोर्सही तेथेच आहे. नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत. प्रत्येक व्याख्यानाचा व्हिडिओ, ऑडिओ आणि पूर्ण लेखी मजकूर मिळतो. व्याख्याने यूट्यूबवरही आहेत. मात्र येल या कोर्ससाठी श्रेयांक देत नाही आणि प्रमाणपत्रही देत नाही.

खासगी कोर्स मंचांवर बहुतेक ठिकाणी उलट रचना असते. काही भाग पाहणे मोफत आणि प्रमाणपत्राला शुल्क. ते प्रमाणपत्र बायोडेटामध्ये लिहिता येते. पण पैसे भरले म्हणून भारतातील विद्यापीठ ते आपोआप पदवीत धरत नाही.

मग पदवीत धरला जाणारा कोर्स कोणता?

त्यासाठी केंद्र सरकारचा ‘स्वयम’ हा मंच आहे. २०१७मध्ये तो सुरू झाला. जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत तेथे कोर्स चालतात. व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि शंकांसाठी चर्चा असे प्रत्येक कोर्सचे चार भाग असतात. शिकणे मोफत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरावे लागते. सर्वसाधारण कोर्समध्ये स्वाध्यायांना ३० टक्के आणि केंद्रावर होणाऱ्या अंतिम परीक्षेला ७० टक्के भारांश असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाच्या एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून घेण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकते. आधी ही मर्यादा २० टक्के होती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय घेण्याची सोय आहे. वाणिज्य किंवा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतिहास घ्यायचा असेल, तर वाट येथूनच निघते.

अडचण अशी की ‘स्वयम’वरील कोर्सची यादी दर सत्राला बदलते. नेमका अमेरिकेच्या इतिहासाचा कोर्स त्या सत्रात असेलच, असे नाही. तसे झाल्यास आधुनिक जगाच्या इतिहासासारखा जवळचा कोर्स श्रेयांकांसाठी घ्यावा आणि येलची व्याख्याने त्याच्या जोडीला ऐकावीत, हा व्यवहार्य मार्ग आहे.

नोंदणीआधी काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी महाविद्यालय, नंतर मोबाइल.

पहिले, कोर्सचे नाव, आठवडे आणि श्रेयांक लिहून घ्यावेत. दुसरे, आपल्या महाविद्यालयातील ‘स्वयम’ समन्वयक किंवा प्राचार्यांना भेटून हा कोर्स कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, हे विचारावे आणि मान्यता लेखी घ्यावी. तिसरे, डिजिलॉकरवरून ‘अपार’ क्रमांक काढून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये खाते उघडावे. मिळालेले श्रेयांक तेथे जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. चौथे, ‘स्वयम’वरील नाव आधार आणि महाविद्यालयातील नोंदीशी तंतोतंत जुळते का, ते तपासावे.

पाचवी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. कोर्सला नाव नोंदवणे म्हणजे परीक्षेला नाव नोंदवणे नव्हे. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो, त्याची मुदतही वेगळी असते. परीक्षा चंद्रपूरला द्यायची की नागपूरला जावे लागेल, हे अर्जातील शहरांच्या यादीवर ठरते. त्यामुळे प्रवासाचा खर्चही आधीच धरावा.

भद्रावती की वणी, याने फरक पडतो का?

पडतो. भद्रावती, वरोरा आणि चंद्रपूरची महाविद्यालये गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११मध्ये हे विद्यापीठ स्थापन झाले. वणी मात्र यवतमाळ जिल्ह्यात असल्याने तेथील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाकडे येतात. आयोगाने ठरवलेली मर्यादा एकच असली, तरी कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरायचा, याचा निर्णय त्या त्या विद्यापीठाचा असतो. म्हणून माजरीतले दोन मित्र एकच कोर्स करत असले आणि एक भद्रावतीला, दुसरा वणीला शिकत असला, तर एकाला मिळालेले उत्तर दुसऱ्याला लागू होईलच असे नाही.

संपूर्ण पदवीच ऑनलाइन घेतली तर?

ती घेता येते. आयोगाने मान्यता दिलेल्या संस्थेकडून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानली जाते. इग्नू आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे ओळखीचे पर्याय आहेत. प्रवेशाआधी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची मान्यता पाहावी. परदेशी विद्यापीठाची पदवी देऊ, अशा खासगी शिक्षण कंपन्यांच्या जाहिरातींबाबत विशेष सावध राहावे. आयोगाची मान्यता नसलेल्या अशा भागीदारीतून मिळालेली पदवी वैध धरली जाणार नाही, असे आयोगाने २०२३मध्येच बजावले आहे.

भाषा आणि नेटवर्कचे काय?

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला खरा अडसर इंग्रजीचा वाटतो. येथे लेखी मजकूर कामी येतो. आधी मजकूर वाचावा, अडलेले शब्द काढावेत आणि मग व्याख्यान ऐकावे. यूट्यूबवर वेग कमी करता येतो, मथळेही लावता येतात. यंत्राने केलेला मराठी अनुवाद अर्थ समजण्यापुरता वापरावा; स्वाध्यायात तो तसाच उतरवू नये. नेटवर्क कमकुवत असेल तेथे व्हिडिओऐवजी ऑडिओ उतरवून घेतल्यास डेटा बराच कमी लागतो. आठवड्याला दोन व्याख्याने ऐकली, तर येलचा २५ व्याख्यानांचा कोर्स तीन महिन्यांत पूर्ण होतो.

थोडक्यात, केवळ शिकायचे असेल तर कोणाच्याही परवानगीची गरज नाही, आजपासून सुरुवात करता येते. श्रेयांक हवे असतील, तर ‘स्वयम’वर नाव नोंदवण्याआधी महाविद्यालयाचे लेखी उत्तर हातात असले पाहिजे. सत्र सुरू होण्यापूर्वी घातलेली ही एक खेप नंतरचे अनेक हेलपाटे वाचवते.