भिंतीलगतचं टेबल : हॅटी मॅकडॅनियल

कोण? ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार. जन्म कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले.

प्रीमियरला गैरहजर : ‘गॉन विथ द विंड’मधली मोठी भूमिका तिच्या वाट्याला आली. पण डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात चित्रपट झळकला, तेव्हा तिथल्या वर्णभेदी कायद्यांमुळे ती जाऊ शकली नाही.

ती रात्र : ऑस्कर सोहळा, २९ फेब्रुवारी १९४०, लॉस एंजेलिसचं अँबेसेडर हॉटेल. केसांत अनंताची पांढरी फुलं माळून ती आली. सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या छोट्या टेबलावर तिला बसवलं होतं. तिथून उठूनच तिने सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा सन्मान स्वीकारला. सहायक कलाकारांना तेव्हा पुतळा नव्हे, छोटं फलक-चिन्ह मिळे.

घरासाठी लढा : गोऱ्या शेजाऱ्यांनी तिच्यासह कृष्णवर्णीय रहिवाशांना घराबाहेर काढण्यासाठी दावा लावला. १९४५ मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला.

रेडिओ : १९४७ पासून ‘ब्यूला’ मालिकेची नायिका.

अखेर : २६ ऑक्टोबर १९५२ रोजी कर्करोगाने निधन. हॉलिवूडच्या दफनभूमीत विसावण्याची तिची इच्छा वर्णामुळे नाकारली गेली. तिथे तिचं स्मारक उभं राहिलं १९९९ मध्ये. हॉवर्ड विद्यापीठाला तिने दिलेलं ऑस्कर हरवलं. २०२३ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याची प्रतिकृती दिली. न्याय उशिरा आला, पण तिचं नाव पुसलं गेलं नाही.