पायधुणी, कामाठीपुरा आणि परळ

राजधानीचे नाव राजा ठेवतो. वस्तीचे नाव बहुधा तेथे राहणारी आणि राबणारी माणसेच ठेवतात. मुंबईचेच पाहा. चिंचपोकळी म्हणजे चिंचांची सखल जागा. फणसवाडीत फणस होते, वडाळ्यास वड. परळचे नाव कोणी पाडळीच्या झाडावरून आले असे सांगतात, तर कोणी परळीच्या वैजनाथाकडे बोट दाखवितात.

भेंडी बाजाराविषयी एक गंमतीची कथा प्रचलित आहे. कोटातले साहेब ‘बिहाइंड द बझार’ म्हणत, त्याचा अपभ्रंश भेंडी बाजार! मला ही कथा पटत नाही. भोवतालच्या इतक्या वस्त्यांना झाडांनी नावे दिली असताना याच एका वस्तीला साहेबाकडे नाव मागण्याचे कारण काय? ही भेंडी भाजीची नव्हे, पारोशा भेंडीच्या झाडाची.

पायधुणीची गोष्ट अधिक खोल आहे. मुंबई पूर्वी सात बेटांची होती. वरळी आणि मुंबई यांमधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे व मधला सखल प्रदेश बुडवून टाकी. मुंबई आणि माझगाव या बेटांमध्ये उमरखाडी होती; उंबर आणि खाडी हे दोन्ही शब्द त्या नावात आजही ऐकू येतात. पाणी ओसरले की माणसे चिखल तुडवीत पलीकडे येत आणि पाय धूत, ती पायधुणी. आज तेथे उभे राहिल्यास दुकाने आणि हातगाड्या दिसतात. खाडी उरली आहे ती नावात.

विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, म्हणजे 1771 ते 1784 या काळात, वरळीच्या खिंडाराला बांध घालण्याचे काम झाले. पुढे सखल जमीन हळूहळू भरत गेली, आणि तिच्यावर जी वस्ती उभी राहिली तीत कामाठीपुरा आहे. हे नाव उच्चारताना लोक आवाज खाली आणतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. कामाठी म्हणजे तेलंगणातून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आलेले तेलुगू मजूर व कारागीर. शहराची बांधकामे त्यांनी अंगमेहनतीने उभी केली. त्यांच्यातून पुढे कंत्राटदार निघाले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला मुंबईत ज्यांचा आधार मिळाला, त्यांत रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारखी तेलुगू मंडळी होती. कुंटणखान्यांची कुप्रसिद्धी मागाहून आली. नाव श्रमाचे आहे, आणि ते तसेच उच्चारले पाहिजे.

गिरणगाव हे नाव तर कुठल्याच जुन्या दप्तरात सापडायचे नाही. 1854 मध्ये ताडदेवच्या कापड गिरणीची कंपनी स्थापन झाली, मागून परळ-लालबागला धुराडी उभी राहिली, आणि कामगारांनीच ते नाव रूढ केले. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली. त्या जमिनींवर मनोरे उठले, तेव्हा काही घरविक्यांना ‘लोअर परळ’ हलके वाटू लागले. जाहिरातीत ते ‘अप्पर वरळी’ झाले!

सरकारी पाटीचेही असेच. डिलाईल रोडला कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे नाव दिले गेले, ते योग्यच झाले. पण ज्यांच्यासाठी जोशी झिजले, त्या चाळींतले म्हातारे आजही बसमध्ये तिकीट मागतात ते डिलाईल रोडचेच.