परसबागेतील तांबडी भाजी

मालवण किनाऱ्यावर भातकापणीनंतर परसबागेत तांबडी भाजी, म्हणजेच लाल माठ, अवश्य लावावा. रेताड जमिनीत पाणी व खत टिकत नाही. म्हणून वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. बी अत्यंत बारीक असल्याने कोरड्या वाळूत मिसळून विरळ पेरावे व मातीने हलकेच झाकावे; खोल गेलेले बी उगवत नाही. पाणी झारीने द्यावे. सुमारे २५ ते ३० दिवसांनी दाट रोपे उपटून भाजीस घ्यावीत. उरलेल्यांचे शेंडे खुडल्यास नवे फुटवे येतात. गडद लाल, जोमदार अशी काही झाडे मात्र न खुडता बियाण्यासाठी राखावीत आणि हिरवट झाडे फुलण्यापूर्वीच काढून टाकावीत. अशा रीतीने घरचे बियाणे शुद्ध राहते व पुढील हंगामी विकत घ्यावे लागत नाही.