अंगभर पू, पण पुवात जंतू नाहीत

अंगावर फोड उठले की आपल्याकडे पहिला शब्द निघतो 'उष्णता', नाहीतर 'देवी'. मग कडुलिंबाचा पाला आणि मेडिकलमधून एखादी ट्यूब. एरवी यानं फारसं बिघडत नाही. पण पस्ट्युलर सोरायसिस नावाच्या आजारात असे चार दिवस घालवले तर जिवावर बेतू शकतं. तो क्वचितच होतो, म्हणून पटकन ओळखूही येत नाही.

बऱ्याचदा आधी घसा धरतो. मग कातडी लालभडक होऊन आग होते, तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिवळसर पुटकुळ्या उठतात. काही तासांत त्या एकमेकींत मिसळून पुवाची डबकीच होतात. थंडी वाजून ताप भरतो, पुढे साल सुटते. कांजण्यांचे फोड आधी पाण्याचे आणि सुटे सुटे असतात. हे तसे नव्हेत.

घशातल्या जंतूंवर धावून गेलेली शरीराची फौज, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, इथे कातडीतच घुसते. तिला आवरणारा ब्रेक काहींच्या अंगात जन्मतःच कमजोर असतो. म्हणूनच पू तपासला तर त्यात जंतू सापडत नाहीत. आजार शिवल्यानं पसरत नाही. त्या बाईचं ताट-अंथरूण वेगळं करू नका.

स्टेरॉईडच्या गोळ्या मनानं एकदम बंद केल्या तरी हा भडकतो. गरोदरपणातही होतो. व्हिएन्नाच्या डॉ. हेब्रांनी 1872 साली अशा पाच गरोदर बायांची नोंद केली, त्यातल्या चार दगावल्या. आज उपचार आहेत, पण पोटातल्या बाळाला धोका असतोच.

डॉक्टर विचारतील: आधी सोरायसिस होता का? गेल्या आठवड्यात कोणती गोळी घेतली? कारण काही औषधांच्या रिअ‍ॅक्शननेही हुबेहूब असेच फोड येतात. तेव्हा गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्याच. पू आणि रक्त तपासतात, कॅल्शियम, किडनी, लिव्हर बघतात. कधी कातडीचा बारीक तुकडाही काढतात.

दवाखान्यात भरती व्हावंच लागतं. सलाईन, अंगाला साधं मलम, घशासाठी अँटिबायोटिक. पण फोड त्यानं बसत नाहीत, त्यासाठी सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅसिट्रेटिन देतात. शेवटची दोन गरोदर बाईला चालत नाहीत. अ‍ॅसिट्रेटिन बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात, म्हणून पाळी चुकली असेल तर गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी.